वरचा डावा दात

११ जून १९६६, शनिवार

सराव — शून्य. दात हलतोय.

वरचा, समोरचा, डावीकडचा. जिभेनं ढकलला की आत जातो, सोडला की जागेवर येतो. दुपारपासून शंभर वेळा ढकलून पाहिला असेल. ढकलू नये हे कळतं, तरी जीभ तिकडेच जाते.

झालं असं. लिंडोच्या स्टुडिओत माइक एकच. स्टुडिओ कसला, दारूच्या दुकानामागची खोली, त्यात पूर्वी कोंबड्या होत्या. आम्ही फुंकणारे त्या माइकभोवती समोरासमोर तोंडं करून उभे. माझ्यासमोर बर्चेल, त्याचा ट्रॉम्बोन घेऊन. तेच गाणं चौथ्यांदा रेकॉर्ड करताना तो रंगात आला आणि त्याच्या ट्रॉम्बोनची नळी सटकन पुढे येऊन माझ्या ट्रम्पेटवर आदळली. माउथपीस दातावर! डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण गाणं चांगलं जमत होतं. थांबलो असतो तर लिंडोनं सगळ्यांचा उद्धार केला असता. शेवटपर्यंत वाजवलं, रक्त गिळत. लिंडो म्हणाला, हेच ठेवू.

बर्चेलला पत्ता नाही. सांगणारही नाही. वीस वर्षांपासूनचा दोस्त, मनाला लावून घेईल हे एक. दुसरं म्हणजे त्याच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत ऑरेंज स्ट्रीटभर, सगळ्या वाजवणाऱ्यांत होईल — व्हर्नलचा दात गेला. आणि लिंडोच्या भिंतीला टेकून रोज चार ट्रम्पेटवाले उभे असतात, आतला कुणी आजारी पडतोय का बघत. मीही कधीकाळी तसाच उभा राहून आत शिरलोय.

१२ जून, रविवार

इसिल्डानं कोंबडी केली, भात-घेवडा केला. मी उजव्या बाजूनं हळूहळू चावत बसलो. ती म्हणाली, मीठ जास्त झालं का? नाही म्हटलं. मग असा गाईसारखा काय रवंथ करतोस?

बायकोपासून लपवण्यात अर्थ नाही. पण सांगितलं की ते खरं होतं. अजून खरं करायचं नाही.

१४ जून, मंगळवार

लांब सूर — दहा मिनिटं, फक्त खालचे. (बँडमास्तरांनी लावलेली सवय. मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत रोज लिहून दाखवावं लागे, काय वाजवलं, किती वेळ. मास्तर जाऊन नऊ वर्षं झाली, मी अजून लिहितोय.)

दुपारी पापा रूबेनची शिट्टी ऐकली. रोज ऐकतो. आज पहिल्यांदा घाबरलो.

पापा रूबेन म्हणजे एके काळी या गावातला सगळ्यांत उंच सूर. हॉटेलच्या बँडमध्ये पांढरा कोट घालून उभा राहायचा. मग मारामारीत समोरचे तीन दात गेले. आता शेंगदाण्यांची गाडी ढकलतो. शेगडीवरच्या डब्याला वाफेची शिट्टी लावलेली आहे, ती दिवसभर एकच सूर धरून असते. आम्ही वाजवणारे सगळे त्याच्याकडून रोज एक पुडी घेतोच. न घेता पुढे जायची कुणाची छाती होत नाही.

मीही घेतली. खिशात टाकली. तो बघत होता. म्हणाला, "काल पण खिशात टाकलीस. कुठला दात रे?"

मी बोट न लावता नुसता ओठ वर केला. त्यानं वाकून पाहिलं आणि एका दंतवैद्याचं नाव सांगितलं. त्यामुळे माझं धाबं जास्तच दणाणलं.

१८ जून, शनिवार

लिंडोकडे पाच गाणी. सगळी स्का, म्हणजे जलद नाचाची, सगळी घोड्यावर बसल्यासारखी. टॅ-टॅ-टॅ — प्रत्येक सुराला जीभ त्याच दाताच्या मागे आपटते. तिसऱ्या गाण्यात वरचा सूर घ्यायचा होता, मी घेतला नाही, खालचा वाजवला. रेकॉर्डिंगच्या काचेमागून लिंडोनं मान वर केली. तो बोलला असता तर बरं होतं.

बर्चेल म्हणाला, "काय रे, म्हातारा झालास?" सगळे हसले. मीही हसलो, तोंड मिटून.

२० जून

आज थोडा जास्त हलतोय. की मला वाटतंय?

२३ जून, गुरुवार

इसिल्डाला कळलं. उसाचं कांडं आणलं होतं, मी नको म्हणालो. उसाला नाही म्हणणारा माणूस मी नव्हे. तिनं माझी हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं, दिव्याखाली नेलं, वासराचं बघतात तसं बघितलं. शिवणाच्या कामातून उठली होती, ओठांत टाचण्या तशाच. टाचण्या काढून म्हणाली, "बारा दिवस तू एकटाच भीत बसलास?"

मग मी बोललो. सगळं बोललो. पापा रूबेनचं, भिंतीला टेकलेल्या चौघांचं. सदतिसाव्या वर्षी मला दुसरं काही येत नाही हे. शाळेत हातात ट्रम्पेट दिलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, त्याआधीचं मला स्वतःबद्दल फारसं आठवतसुद्धा नाही. ट्रम्पेट गेलं तर मागे कोण उरेल याची भीती वाटते.

ती म्हणाली, या वेळची भिशी माझी आहे. शिवणयंत्राचं नंतर बघू.

२७ जून, सोमवार

दंतवैद्य. पापा रूबेननं सांगितलेला. मला वाटलं उपटणार.

उपटला नाही! हाड अजून धरून आहे म्हणाला. बारीक तार घेतली, शेजारच्या दोन्ही दातांना बांधून टाकला. सहा आठवडे.

— सहा आठवडे काय नाही खायचं?

— खायचं ठीक आहे. ट्रम्पेट वाजवायचं नाही.

मी म्हटलं, डॉक्टर, सहा आठवडे वाजवलं नाही तर मग दात राहिला काय, गेला काय. त्यानं हात धुतले. म्हणाला, वाजवायचंच असेल तर खालचे सूर, हळू, थोडे, एका कडेला धरून. आणि दात पडला तर माझ्या दारात येऊन रडायचं नाही.

खालचे, हळू, थोडे. स्कामध्ये!

३० जून

मिशा वाढवतोय. तार दिसते. इसिल्डा म्हणते, टपाल कचेरीतल्या कारकुनासारखा दिसायला लागलास.

२ जुलै, शनिवार

आज वाचलो.

उकाडा असा की लिंडोच्या खोलीत भिंतींना घाम. रात्रभर झोप नाही. मनात एकच, पहिलंच गाणं जलद निघालं तर तार तुटेल, सगळ्यांसमोर दात ट्रम्पेटात जाईल. जीव मुठीत धरून गेलो. गाणं नवं होतं, कुणी ऐकलेलं नव्हतं. टेनिसननं ड्रमवर नेहमीसारखी घाई सुरू केली. मी म्हटलं, "टेनिसन, पळतोयस कुठे? आग लागलीय का?"

तो म्हणाला, "मी कुठे पळतोय? तुम्ही पळवता म्हणून पळतो."

"मग आज नको पळूस. उकडतंय. अर्ध्यावर आण."

टेनिसन म्हणजे आळशी माणूस, तीस वर्षं कुणी त्याला सावकाश वाजव म्हटलेलं नव्हतं. खूश! त्यानं अर्ध्यावर आणलं. जाड तारांचं बास वाजवणाऱ्याला आता इतकी जागा झाली की दर दोन सुरांच्या मध्ये काय करावं त्याला कळेना, मग तो त्या जागेत फिरायला लागला. आणि मी? जिथं बारा सूर वाजवायचे तिथं तीन. लांब, खालचे, कडेनं. माझे तीन म्हणून बर्चेलचेही तीन.

लिंडो काच सोडून आत आला. म्हटलं, गेलो आता. तो म्हणाला, "हे काय आहे?" मग म्हणाला, "मधे जागा राहिली की बास ऐकू येतो. इतके दिवस तुम्ही सगळे त्याच्या डोक्यावर बसला होतात. परत वाजवा, असंच."

असंच! एवढा सुटलो मी, की घरी येताना पापा रूबेनकडून दोन पुड्या घेतल्या. दोन्ही खिशात.

१७ जुलै, रविवार

दुपारी कोपऱ्यावरच्या अंगणात रेकॉर्डी लावणारा साउंडवाला संध्याकाळच्या नाचासाठी आवाजाच्या पेट्या लावत होता, एकावर एक, माणसापेक्षा उंच. तपासायला म्हणून आमचं ते संथ गाणं लावलं. उन्हात उभ्या बायका-पुरुषांनी हातातली कामं ठेवली. स्का लागला की लोक एकेकटे उड्या मारतात, हे लागल्यावर जोड्या झाल्या. मासेवाली बाई साउंडवाल्याच्या खांद्यावर डोकं ठेवून जागच्या जागी डुलत होती. साउंडवाल्यानं ते पाच वेळा लावलं.

इसिल्डानं माझा हात धरला. म्हणाली, "यात तू कुठे आहेस?"

मी कान देऊन तिला दाखवलं — हा बघ, आता, गेला. तीन सूर. पेट्यांतून बास असा येत होता की छातीतलं हाड हलत होतं, त्याच्या मागे कुठेतरी मी. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कमी ऐकू येतंय म्हणजे कमी वाजवलं तरी चालतंय, एवढंच डोक्यात आलं.

२३ जुलै, शनिवार

बर्चेलनं तार पाहिली. टेनिसननं कसलीशी गोष्ट सांगितली, मी विसरून तोंड उघडून हसलो. बर्चेल हसता हसता थांबला. बाहेर नेलं मला, त्या चौघांपासून लांब.

"कधी लागलं?"

सायकलवरून पडलो म्हटलं.

"तुझ्याकडे सायकल कुठाय, व्हर्नल?"

त्यानं स्वतःच्या ट्रॉम्बोनच्या नळीकडे पाहिलं, आणि मला कळलं की त्याला तो दिवस, ते गाणं, सगळं आठवलं. एवढा मोठा गडी, डोळे पुसायला लागला. मी म्हटलं, अरे गप, त्या चौघांना दिसेल. कुणाला सांगणार नाही म्हणाला. आणि आश्चर्य म्हणजे रात्रीपर्यंत तरी खरंच सांगितलं नाहीये.

पण परत आत गेल्यावर तो माइकपासून दोन पावलं मागे उभा राहिला, नळी भिंतीकडे वळवून. लिंडो म्हणाला, ट्रॉम्बोन ऐकू येत नाही. बर्चेल म्हणाला, पुढे जागा नाही. लिंडोनं पुन्हा ऐकलं. राहू दे म्हणाला, बरं वाटतंय.

८ ऑगस्ट, सोमवार

तार निघाली नाही! डॉक्टर चिडला. वाजवलंस ना? हो. अजून सात आठवडे. पण आता धरतोय, म्हणाला. धरतोय!

आनंद झाला. पण अजून सात आठवडे लपवायचं. पापा रूबेनची शिट्टी ऐकली की अजून रस्ता बदलावासा वाटतो. त्याला ते समजलंय. काल माझ्या घराच्या बाजूला वळताना त्यानं डब्याला फडकं गुंडाळलं, शिट्टी बंद केली. मला लाज वाटली.

२० ऑगस्ट, शनिवार

पाच गाणी, पाचही संथ. लिंडो आता दुसरं काही घेतच नाही. गावभर तेच चाललंय म्हणे, सगळ्याच स्टुडिओंत. लोक उकाड्याला दोष देतात. मी उकाड्याचे आभार मानतो.

आज एका गाण्यात मधला तुकडा आम्हा फुंकणाऱ्यांचा होता. चार ओळी, त्यात दोन वरचे सूर. माझ्या तोंडचं पाणी पळालं. लिंडोला म्हटलं, हा तुकडा आज गायला आलेल्या त्या तीन गाणाऱ्यांना दिला तर? आमच्याऐवजी त्यांनीच नुसतं "आ-आ" केलं तर गोड लागेल. त्यांनी केलं. गोड लागलं. लिंडोनं पाठ थोपटली. "तुला डोकं आहे, व्हर्नल." आठ वर्षांत पहिल्यांदा.

बर्चेलनं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. त्याला वाटलं असेल मी दातासाठी केलं. मग कशासाठी करणार?

३ सप्टेंबर

स्वप्न. ट्रम्पेट फुंकतोय, आणि पलीकडून एकेक दात टपटप पडतोय. खाली पापा रूबेन पुडीत भरून घेतोय. घामानं उशी भिजली. इसिल्डानं उठून पाणी दिलं.

१० सप्टेंबर, शनिवार

दोनच गाण्यांना बोलावलं. बाकीची आमच्याशिवाय झाली. बरं झालं, तेवढीच दाताला विश्रांती. भिंतीला टेकलेल्या चौघांपैकी दोघे दिसले नाहीत. एक जण बंदरावर लागला म्हणे. मला वाटलं होतं त्यांचं कुणी गेलं की माझी छाती हलकी होईल. झाली थोडी.

बर्चेल परत येताना म्हणाला, "तुला भीती नाही वाटत?"

म्हटलं, तीन महिने दुसरं काय वाटतंय?

तो म्हणाला, दाताची नाही रे. त्याला अलीकडे काय झालंय कळत नाही. पूर्वी तोंड बंद ठेवत नसे, आता उघडत नाही.

१७ सप्टेंबर

बोलावणं नाही. दात अगदी शांत.

२६ सप्टेंबर, सोमवार

तार निघाली!!

डॉक्टरनं दोन बोटांत धरून हलवला. हलला नाही. पुन्हा हलवला. म्हणाला, हा आता तुझ्याबरोबरच थडग्यात जाईल. मी त्याच्या हाताचं चुंबन घेतलं, त्याला आवडलं नाही.

घरी आलो, मिशा काढल्या. इसिल्डा रडली, मग मिशांना हसली, मग कडक पाव आणून समोर ठेवला. समोरच्या दातांनी तोडला. कर्रकन! साडेतीन महिन्यांत मी एवढा आवाज केला नव्हता.

२७ सप्टेंबर

लांब सूर — चाळीस मिनिटं. वरचे — पंचवीस. जिभेचे — अर्धा तास, जलद, आणखी जलद. शेजारीण खिडकीतून ओरडली. तिला म्हटलं, बाई, आज मला कुणी गप्प करू शकत नाही.

२९ सप्टेंबर, गुरुवार

वरचा सूर सापडला. तो, दाताला लागायच्या आधी होता तसाच. स्वच्छ. धरून ठेवला आणि डोळे मिटले. संपूर्ण उन्हाळा मी घाबरून घालवला, आज नाही. जूनपासून पहिला दिवस ज्यात भीती नाही.

बर्चेलच्या घरी जाऊन दात दाखवला. त्यानं मला मिठी मारली, सोडेचना. शनिवारी लिंडोकडे जाऊ म्हटलं, बोलावणं असो नसो. एक जलद गाणं मागू. टेनिसनला पळवू. बर्चेल म्हणाला, "जाऊ." एवढंच.

१ ऑक्टोबर, शनिवार

माइकभोवती आमच्या जागी ते तीन गाणारे उभे होते. लिंडो आम्हा दोघांना दारातच भेटला. चांगला बोलला, खुर्ची दिली. म्हणाला, फुंकणाऱ्यांचं आता काम नाही, व्हर्नल. या आठवड्यात नाही, पुढेही नसेल. लोकांना ते जुलैतलं संथच हवंय. "त्यात तुम्ही जवळजवळ वाजवलंच नव्हतं. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही."

टेनिसनला सावकाश वाजव म्हणणारा मीच. गाणाऱ्यांना आमचा तुकडा देणारा मीच. बर्चेलला केव्हाच कळलं होतं.

बाहेर भिंतीपाशी आता कुणीच उभं राहत नाही. कोपऱ्यावर पापा रूबेनची शिट्टी वाजत होती. एक पुडी घेतली, त्याच्या गाडीला टेकून तिथेच सगळी खाल्ली, समोरच्या दातांनी, एकेक दाणा. दात जरासुद्धा हलला नाही.